हाताला येईल तो रंग

ज्या घरात विणकाम चालतं, त्या घरात उरलेल्या लोकरीची एक पिशवी असतेच. पिशवी कसलीही असू शकते. बहुतेकदा ती कुणाच्या तरी लग्नाच्या बस्त्यात आलेली, दुकानाचं नाव अर्धं पुसलेली आणि एक बंद तुटलेली असते. आत चार-सहा अर्धे गुंडे, लिंबाएवढ्या गोळ्यांची गर्दी, जोडीतली एकच सुई आणि मासिकातलं एक पिवळं पडलेलं कात्रण सापडतं. कात्रणावर जाळीच्या विणीची कृती अकराव्या ओळीपर्यंत छापलेली असते. बारावी ओळ ज्या पानावर होती, त्या पानात त्या काळी कुणीतरी शेंगदाणे बांधून दिले.

ही लोकर उरते याचं खापर बाईच्या हिशेबावर फोडू नये. ती हिशेबानेच उरते. गुंड्याच्या कागदी पट्टीवर शेडचा नंबर असतो आणि त्याखाली बारीक अक्षरात लॉटचा. कारखान्यात लोकर लॉटालॉटाने रंगते. शेड तीच आणि लॉट वेगळा असला, की रंग किंचित सरकतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली हा फरक दुकानदाराला, बाईला, बाईबरोबर आलेल्या नणंदेला, कुणालाच दिसत नाही. स्वेटर पुरा झाला की मात्र तो बसस्टॉपवरच्या अनोळखी माणसालाही दिसतो. पाठीचा निळा निराळा, बाह्यांचा निराळा. म्हणून शहाणी बाई सुरुवातीलाच एक गुंडा जास्त घेते. दुकानदार "नाही लागला तर आणून द्या" म्हणतो, कारण त्याला माहीत असतं की कुणी आणून देत नाही. त्यातला थोडासा लागतोच, आणि फोडलेला गुंडा कोण परत घेणार? अशा जास्तीच्या गुंड्यांची वीसेक वर्षं म्हणजे ती पिशवी.

पिशवी नीट उपसली तर घराण्याचा इतिहास हाती लागतो, आणि तो कुलवृत्तांतापेक्षा खरा असतो. बाटलीहिरवा म्हणजे थोरल्याची शाळा. मरून म्हणजे धाकट्याची, कारण मधे शाळा बदलली. त्यावरून घरात जे झालं ते कुलवृत्तांतात नाही. फिकट पिवळा म्हणजे बाळंतविडा. मुलगा की मुलगी हे ठाऊक नसताना टोपडं-मोजे सुरू करायचे तर निळा आणि गुलाबी दोन्ही धोक्याचे, म्हणून सगळ्या आत्या, माम्या, मावश्या पिवळाच आणतात, आणि तो सगळ्यांकडे उरतो. राखाडी आहे तो काकांच्या मफलरचा. त्यांनी "मला टोचतो" म्हणून तो अर्ध्यावर बंद पाडला. शिवाय एक झगझगीत राणी कलर असतो, त्याचा घरात कुणालाच पत्ता नसतो. सासूबाई म्हणतात, तो तू माहेराहून आणलास. माहेरी विचारावं तर आई म्हणते, आपल्याकडे नाहीत हो असले रंग.

कारखाना रंगांना नंबर देतो. बायका नंबर विचारत नाहीत. त्यांच्याकडे आमसुली आहे, श्रीखंडी आहे, चटणी, डाळिंबी, अबोली, गुलबक्षी, मेंदी, शेवाळी आहे. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू दुकानात जाऊन "जास्त शिजलेल्या वांग्यासारखा एक जांभळा येतो बघा, तो द्या" असं म्हणाल्या आणि दुकानदाराने एका फटक्यात नेमका तो काढून दिला. माणूस धंद्यात मुरलेला होता.

तर अशी ही पिशवी माळा आवरताना पायात आली, की घोषणा होते. "यंदा नवी लोकर आणायची नाही. आहे ती संपवायची. रंगीबेरंगी शालच करून टाकते." घरातले पुरुष या घोषणेचं मनापासून स्वागत करतात. पिशवी जाणार, असं त्यांना वाटतं.

पहिली अडचण धाग्याची जाडी. पिशवीत दोन प्लाय असते, चार प्लाय असते, कुणीतरी सिमल्याहून आणलेली दोरखंडाची धाकटी बहीण असते. बारीक धागे दोन-दोन एकत्र घेऊन जाड्याच्या बरोबरीला आणायचे, हा सर्वमान्य उपाय. मग सुया. आपल्याकडच्या सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे आहेत, म्हणजे नंबर चढत गेला की सुई बारीक होत जाते. आठ नंबर जाड, बारा नंबर बारीक. हे ज्याला ठाऊक नाही अशा नवऱ्याला सुया आणायला पाठवलं, की तो "मोठ्या सांगितल्या होत्यास ना, म्हणून बारा नंबर आणल्या" असं अभिमानाने सांगत परत येतो.

दुसरी अडचण अशी, की पिशवीतल्या लोकरीपैकी बरीचशी लोकर नसतेच. तिचा कुठल्याही मेंढीशी कधी परिचय झालेला नसतो. ती ॲक्रिलिक. अमेरिकेतल्या ड्यू पाँ कंपनीने १९५० मध्ये 'ऑरलॉन' या नावाने असा धागा व्यापारी प्रमाणावर काढायला सुरुवात केली. पुढे 'कॅशमिलॉन' हे एका जपानी कंपनीच्या धाग्याचं नाव आपल्याकडे इतकं रुजलं, की आमच्या आत्याला ते काश्मीरजवळचं एखादं गाव वाटायचं. मूळ माल खनिज तेलातून येतो. म्हणजे घरातली स्कूटर आणि घरातला स्वेटर एकाच विहिरीचं पाणी पितात.

महाराष्ट्राची अस्सल लोकर पाहायची तर घोंगडी पाहावी. दख्खनी मेंढीची, राठ, बहुतेक काळी. धनगराने मेंढी कातरायची, सणगराने मागावर घोंगडी विणायची आणि तिला चिंचोक्याची खळ द्यायची, म्हणजे ती ताठ होते आणि पाऊसही बराच वेळ झेलते. घोंगडीत रंगसंगतीचा वाद येत नाही. मेंढी ज्या रंगाची, घोंगडी त्या रंगाची. काही तक्रार असली तर मेंढीकडे करावी.

पिशवीतला कोणता धागा कोणत्या कुळातला, हे शोधायची आमच्या आत्याला भारी हौस. त्यासाठी ती काडेपेटी घेऊन बसते. धाग्याचं टोक जाळायचं. खरी लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली की ती आपसूक विझते आणि राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक असेल तर ते वितळतं आणि गार झालं की टोकाला टणक काळा मणी होतो. एका दुपारी ही चौकशी इतकी रंगली की शेजारच्या वहिनी गॅस बंद आहे ना, म्हणून विचारायला आल्या. आत्या मान वर न करता म्हणाली, "काही नाही गं, यांचा जुना स्वेटर ओळखतेय."

ही कुळं ओळखणं अनाठायी नाही. गरम पाणी, साबण आणि घुसळण यांच्या तावडीत सापडली की खरी लोकर आटते आणि घट्ट होते. ॲक्रिलिक ढिम्म हलत नाही. एका शालीत दोन्ही शेजारी-शेजारी विणले, की पहिल्या धुण्यातच काही पट्टे आखडतात, काही तसेच राहतात, आणि सपाट विणलेल्या शालीला न मागता झालर फुटते. बाई लगेच सांगते, डिझाइनच तसं आहे. विणकामाला हे एक चांगलं आहे. चुकलेल्या आमटीला डिझाइन म्हणता येत नाही.

पण या अडचणी हाताच्या आहेत. खरी अडचण डोक्याची, आणि ती नियमापासून सुरू होते. उरलेल्या लोकरीच्या शालीचा एकमेव नियम असा, की नियम नाही. पिशवीत हात घालायचा, हाताला येईल तो रंग घ्यायचा, तो संपला की पुन्हा हात घालायचा. ऐकायला हे संन्याशाला शोभेल इतकं निरिच्छ वाटतं. मी विणणाऱ्या पुष्कळ बायका पाहिल्या आहेत, त्यांतल्या एकीनेही डोळे मिटून पिशवीत हात घातलेला नाही.

डोळे मिटतात, पण पूर्ण नाही. आणि पूर्ण मिटले तरी बोटांना कळतं. राणी कलर गुळगुळीत आहे, राखाडी टोचरा आहे, शेवाळीचा गोळा जरा चपटा झालाय, हे सगळं बोटांना पाठ असतं. शेवाळी हाताला लागला की बोटं तो अलगद बाजूला सारून खाली जातात. एखादा नावडता रंग वर आलाच, तर "दोन आले एकदम" म्हणून तो परत जातो. अबोली वर आला की मात्र दोन आलेले नसतात. "बघा, देवानेच दिला" असं म्हणून तो सुईवर चढतो.

खऱ्या दैवगतीचं वागणं असं गोंडस नसतं. नाणं दहा वेळा उडवून पाहा, सलग तीनदा एकच बाजू पडणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. तेच माणसाला मनाने छापा-काटा लिहायला सांगितलं तर तो घाईघाईने आलटून-पालटून लिहितो, कारण सलग तीन छापे त्याला खोटे वाटतात. शालीत हेच होतं. दैवाने लागोपाठ तीन तपकिरी दिले तर बाई दैवालाच उसवते. मग पिवळ्यानंतर जांभळा, जांभळ्यानंतर पांढरा, पांढऱ्यानंतर डाळिंबी अशी अगदी समान अंतरावर विखुरलेली शाल तयार होते आणि ती पाहून सगळे म्हणतात, वा, काय सहज जमलंय.

यावर उपाय म्हणून काकूंच्या नातवाने त्यांच्या मोबाइलवर काहीतरी करून दिलं. बटण दाबलं की रंगाचं नाव येतं. काकूंनी दाबलं. मोबाइल म्हणाला, शेवाळी. काकूंनी पुन्हा दाबलं. शेवाळी. काकू म्हणाल्या, "त्याला काय कळतंय," आणि अबोली घेतला.

चिठ्ठ्या टाकणाऱ्या बायकाही आहेत. त्या चिठ्ठी उघडतात, वाचतात, थोडा विचार करतात आणि घडी घालून परत डबीत टाकतात. भिशीची चिठ्ठी अशी परत टाकली असती तर भांडणं झाली असती.

रंगांची ही भीती जगात एका माणसाला मुळीच नव्हती, तो म्हणजे केफ फॅसेट. १९३७ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला हा चित्रकार इंग्लंडला आला आणि तिथलाच झाला. साठच्या दशकाच्या शेवटी बिल गिब या स्कॉटिश फॅशन डिझायनरबरोबर तो स्कॉटलंडला गेला होता. तिथल्या लोकरीचे रंग पाहून त्याचं भान हरपलं आणि त्याने वीस रंगांची लोकर विकत घेतली. विणता येत नव्हतं. परतीच्या रेल्वेप्रवासात एका सहप्रवासी बाईने त्याला टाके घालायला शिकवलं. हा प्रसंग मला फार आवडतो. आपल्याकडे लोकलच्या बायकांच्या डब्यात मटार सोलणं, मेथी निवडणं आणि सुलट-उलट शिकवणं ही तिन्ही कामं सर्रास चालतात, पण तिथे कुणाला सॅन फ्रान्सिस्कोचा चित्रकार भेटायचा नाही, कारण त्याला त्या डब्यात चढूच देणार नाहीत.

फॅसेटचं 'ग्लोरियस निटिंग' १९८५ मध्ये आलं आणि १९८८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने त्याच्या कामाचं प्रदर्शन भरवलं. एका स्वेटरमध्ये शेकड्याने छटा वापरायला त्याला काही वाटत नसे. एखादा रंग डोळ्यांत खुपायला लागला तर तो काढण्याऐवजी आजूबाजूला आणखी वीस रंग घालावेत, असा त्याचा साधारण खाक्या. म्हणजे शेवाळी परत पिशवीत टाकायचा नाही, त्याला सोबत द्यायची. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याच्याकडे रंग होते. आपल्याकडे पिवळा आहे."

तेही खरं. उरलेल्या लोकरीत मुळात जे आवडलं ते संपलेलं असतं, आणि जे उरलंय ते उरण्यामागे काहीतरी कारण असतं. म्हणून दहा-बारा पट्ट्यांनंतर बाईच्या लक्षात येतं, की या सगळ्या मंडळींना एकत्र बांधणारा एखादा शांत रंग मधे-मधे हवा. क्रीम म्हणा, काळा म्हणा. तो पिशवीत नसतो. मग दुकान. क्रीमचे चार गुंडे लागतील असा अंदाज निघतो आणि लॉटच्या भीतीने पाच घेतले जातात. शिवाय दुकानात गेल्यावर फक्त क्रीम घेऊन बाहेर पडलेली बाई अजून जन्माला यायची आहे. तिला तिथे एक मोरपंखी दिसतो. "शेवाळीच्या शेजारी छान जाईल." ज्या शेवाळीला आजवर कुणी विचारलं नव्हतं, त्याच्यासाठी आता सव्वाशे रुपयांचा शेजारी येतो. अशा हिशेबाने 'फुकटच्या' लोकरीची शाल बाजारातल्या बऱ्या शालीहून महाग पडते. हा हिशेब घरात कुणी उघड मांडत नाही. माझ्या यजमानांनी एकदा मांडायला घेतला होता. पण त्याच वेळी त्यांना लोकरीची लडी हातांत धरून बसवण्यात आलं, आणि दोन्ही हात पसरून बसलेल्या माणसाच्या बोलण्याला फारसं वजन राहत नाही.

वजनावरून आठवलं. चौथाई गुंड्यात आणखी एक ओळ निघेल की नाही, हा प्रश्न विणणारीला जितका छळतो तितका मुलांच्या परीक्षेनेही छळलेला नसतो. सुलट-उलटच्या एका ओळीला विणीच्या रुंदीच्या साधारण तिप्पट ते चौपट धागा जातो. धागा तेवढा आहे का, हे हाताने मापून बघता येतं, पण त्यापेक्षा चांगली युक्ती स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. गोळा तोलायचा, दोन ओळी विणायच्या, पुन्हा तोलायचा, फरक काढायचा. आमच्याकडे हा काटा केकसाठी आणला होता. त्यावर मैदा एकदा चढला असेल. उरलेला काळ त्याच्यावर लोकर आहे. काटा सांगतो, अडीच ग्रॅम हवेत आणि दोन ग्रॅम आहेत. बाई काट्यावर विश्वास ठेवत नाही. ती हात आखडून, टाके घट्ट ओढत, श्वास रोखून वेगाने विणायला लागते, जणू भरभर विणलं की धागा कमी लागेल. शेवटून आठव्या टाक्याशी तो संपतो. मग ती ओळ उसवायची, आणि काट्याकडे पाहायचंही नाही.

उसवण्याची आपल्याकडे लाज नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये १९४१ च्या जूनपासून कपड्यांवर रेशन आलं आणि १९४३ मध्ये सरकारने 'मेक डू अँड मेंड' नावाची पुस्तिका काढून लोकांना जुन्या कपड्यांतून नवे कसे काढावेत ते शिकवलं. जुने स्वेटर उसवून त्याच लोकरीचे नवे विणणं तेव्हा तिथे देशकार्य होतं. आपल्याकडे हे खातं आजीकडे होतं आणि तिला पुस्तिका लागली नाही. थोरल्याचा स्वेटर आखूड झाला की शिवण उकलायची, टोक शोधायचं आणि ओढत सुटायचं. उसवलेली लोकर कुरळी होते. ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, कोमट पाण्यात बुडवायची आणि पाणी भरलेला तांब्या खाली लटकवून वाळत घालायची, की ती सरळ होते. धाकट्याचा स्वेटर तयार. धाकट्याचाही आखूड झाला की पुन्हा तेच. आमच्या माहेरच्या पिशवीतला एक तपकिरी धागा माझ्या मामाच्या मुंजीपासून स्वेटर होतोय आणि उसवला जातोय. त्याला आता निवृत्त करावं, असं सगळ्यांचं मत आहे. पण तो अजून तुटलेला नाही.

अलीकडे रंगांचा निवाडा आपल्या डोक्यावर घ्यायला नको म्हणून लोक तो हवामानावर सोपवतात. वर्षभर रोज एक किंवा दोन ओळी, त्या दिवसाच्या तापमानाप्रमाणे रंग. थंड तर निळा, बरा तर हिरवा, कडक तर लाल. ही कल्पना थंड देशांतल्या बायकांना शोभते. मुंबईत दिवसाचं कमाल तापमान जवळजवळ वर्षभर तिशीच्या आसपास घुटमळतं, त्यामुळे मुंबईची शाल एकरंगी होईल आणि जानेवारीत एखादा हिरवा धागा दिसला तर वर्तमानपत्रात फोटो येईल. नागपूरची बरी होईल, पण मे महिन्यात गावातली लाल लोकर संपेल.

जर्मनीत एका बाईंनी तर रेल्वेलाच विणलं. म्युनिकजवळ रोज ये-जा करणाऱ्या या बाईंनी २०१८ साली एक स्कार्फ केला, रोज दोन ओळी. गाडीला पाच मिनिटांच्या आत उशीर झाला तर करडा रंग, अर्ध्या तासापर्यंत गुलाबी आणि त्याहून जास्त झाला तर लाल. उन्हाळ्यात तिथे रुळांची कामं निघाली आणि स्कार्फला लाल पट्टाच पडला. पुढल्या जानेवारीत तो इंटरनेटवर लिलावात साडेसात हजार युरोंहून जास्त किमतीला गेला आणि पैसे धर्मादाय कामाला दिले. एवढ्या किमतीला गेलेली दुसरी तक्रार मला माहीत नाही.

ही बातमी आमच्या इमारतीत पोहोचली आणि वरच्या काकूंनी लिफ्टची शाल विणायला घेतली. लिफ्ट चालू असेल त्या दिवशी अबोली, बंद असेल त्या दिवशी शेवाळी. हेतू असा की एकदाचा शेवाळी संपावा. तो पावसाळ्यातच संपला आणि काकूंना नवा आणावा लागला. सोसायटीच्या वार्षिक सभेत त्यांनी ती शाल टेबलावर उलगडली. सेक्रेटरींनी आधी ती सत्काराची समजून मान पुढे केली. खुलासा झाल्यावर म्हणाले, हा पुरावा इतिवृत्ताला जोडता येणार नाही. काकू म्हणाल्या, चार पिना लावल्या तर येईल.

विणणाऱ्या बाईला लोक निरुपद्रवी समजतात, ती त्यांची चूक आहे. डिकन्सच्या 'अ टेल ऑफ टू सिटीज' या १८५९ सालच्या कादंबरीतली मादाम दफार्ज गिलोटिनवर चढवायच्या लोकांची नावं विणीत नोंदवून ठेवते. आमच्या कट्ट्यावर दुपारी ज्या चौघी-पाचजणी सुया घेऊन बसतात, त्यांच्या विणीत कुणाकुणाची नावं आहेत हे मला माहीत आहे, पण मी तिथेच राहते.

संख्येने जमल्या तर त्या काय करू शकतात, हेही दिसून आलं आहे. चेन्नईत २०१६ च्या जानेवारीत 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटातल्या बायकांनी आपापल्या घरी विणलेले चौकोन एकत्र जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं ब्लँकेट केलं आणि गिनेस बुकात नाव नोंदवलं. म्हणजे जवळपास पावणेतीन एकर. सातबारा काढण्याजोगं क्षेत्र आहे. आणि चेन्नई हे काही ब्लँकेटवाचून अडलेलं गाव नव्हे, हे पाहता त्या बायकांच्या निष्ठेला तोड नाही.

एवढे रंग म्हटले की शेपट्या आल्या. प्रत्येक रंग सुरू होताना एक टोक सोडतो आणि संपताना एक. शाल विणून झाली, टाके बंद केले, घरात दाखवून झाली, की ती उलटी करायची आणि ते जंगल बघायचं. ही टोकं एकेक करून सुईने विणीत फिरवून लपवावी लागतात, आणि हे काम शालीइतकंच लांब असतं. बायकांचे इथे दोन पंथ आहेत. एक पंथ विणता-विणताच टोकं लपवत जातो. त्या बायका परीक्षेचा अभ्यास जूनपासून करत असणार. दुसरा पंथ सगळी शेवटाला ठेवतो आणि शेवट आला की टोकांची झालरच करावी का, असा विचार करू लागतो. गाठ मारून कचाकच कापणारा तिसरा पंथ आहे, पण त्याच्याबद्दल आत्यासमोर बोलायचं नाही.

मग प्रश्न उरतो, शाल कुणासाठी. स्वतःसाठी नाही, कारण बाहेर घामाच्या धारा आहेत. पूर्वी अशा वेळी घरातलं सर्वांत लहान मूल पकडत, कारण त्याला नाही म्हणता येत नसे. आता परदेशातले भाचे-पुतणे पकडतात. तिकडे खरीखुरी थंडी आहे, हा मुद्दा बिनतोड. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात साधारण तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा नेता येतात. भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, लोणच्याच्या चार वेळा गुंडाळलेल्या बरण्या आणि त्यांच्याभोवती ही शाल. शालीची ओझ्यात तक्रार नको म्हणून ती बरण्या फुटू नयेत यासाठी घातली आहे, असं सांगतात. पुतण्याला ती मिळते तेव्हा तिला आंब्याच्या लोणच्याचा वास येत असतो. तो व्हिडिओ कॉलवर ती पांघरून दाखवतो. मागे हीटिंग चालू असते, अंगात अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट असतो, आणि फोन ठेवेपर्यंत तो बिचारा लालबुंद होतो. आत्या म्हणते, "बघ, कसा गोरापान झालाय तिकडे."

गेल्या वर्षी मात्र आत्याने आपली शाल घरातल्या कुणाला न देता आमच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाला दिली. दरवर्षी तिथे प्रमुख पाहुण्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. या सत्काराच्या शालीची महाराष्ट्रात एक स्वतंत्र वाहतूक आहे. ती प्लॅस्टिकच्या पिशवीतच राहते. ज्याला मिळते तो ती कपाटात ठेवतो आणि पुढल्या कार्यक्रमात दुसऱ्याला घालतो. एका निवृत्त मुख्याध्यापकांना त्यांनीच दिलेली शाल तीन वर्षांनी परत आली होती. कोपऱ्यावर कुंकवाचा डाग होता, त्यावरून त्यांनी ओळखली. भर एप्रिलमध्ये पंखा बंद पडलेल्या सभागृहात माणसाच्या अंगावर शाल घालायची आणि तो सन्मान समजायचा, हे आपण कधी ठरवलं कोण जाणे.

तर त्या दिवशी पाहुण्यांच्या खांद्यांवर एकदम बाटलीहिरवा, मरून, श्रीखंडी, मोरपंखी, क्रीम, राणी कलर आणि भरपूर फिकट पिवळा असं सगळं येऊन पडलं. पाहुणे ज्येष्ठ समीक्षक होते. त्यांनी आधी शालीकडे पाहिलं, मग अध्यक्षांकडे, आणि कुणी हसतंय का ते पाहून घेतलं. भाषणात त्यांनी तिचा उल्लेख "आपल्या सर्वसमावेशक परंपरेचं प्रतीक" असा केला. आत्या शेजारी कुजबुजली, "पाचव्या पट्ट्यात टाका पडलाय, कुणाला दिसला नाही ना?"

नंतर कळलं, की समीक्षक फार अडचणीत आले आहेत. पुढल्या तीन कार्यक्रमांत त्यांना कुणाचा ना कुणाचा सत्कार करायचा होता आणि घरात हीच एक शाल होती. ती कुणाला घालावी तर समोरच्या दहा माणसांनी ती यांच्याच अंगावर पाहिलेली, शिवाय फोटोत अगदी पहिल्या रांगेतून ओळखू येते. शेवटी त्यांनी दुकानातून एक नवी शाल विकत आणली, आणि कपाटात जागा नाही म्हणून ही आपली सकाळी फिरायला जाताना पांघरतात. नदीकाठच्या रस्त्यावर लांबून येताना दिसले की कुत्रीसुद्धा बाजूला होतात. परवा आत्याला भेटले तेव्हा म्हणाले, "अहो, हातमोजे विणता का तुम्ही? यातलं काही उरलं असेल तर बघा."